अरुंधती आणि मांडवाचं छत

मंडळी, तारे दाखवणाऱ्या ॲपविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. ते सप्तर्षींचं अस्वल करतं आणि साक्षात वसिष्ठ ऋषींना त्याच्या शेपटीत बसवतं.

आज माझ्या लेकीनं त्यातच स्वतःच्या लग्नाची तारीख टाकली. नवरा-नवरीला अरुंधतीचा तारा दाखवायची रीत आहे. आमचे गुरुजी मात्र भरदुपारी मांडवाच्या छताकडं बोट करतात.

“बाबा, रात्री साडेआठला अरुंधती छान वर असेल. इथं शहरात दिव्यांचा उजेड लई, पैठणकडं जाऊ. फोटो मी काढते, बोट तुम्ही दाखवा.”

“आणि जावईबापू?”

“ते ट्रायपॉड धरतील.”

मी लगेच हो म्हणालो.

तुमच्यापैकी कुणी खरी अरुंधती पाहिलीय? वसिष्ठाशेजारची ती बारीक चांदणी मला हल्ली दिसतच नाही. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं चाललोय. लग्नापर्यंत ती दिसेल ना, एवढीच काळजी आहे.