ताप, खोकला, अंगदुखी

साथीच्या काळात आमच्या हॉस्पिटलातल्या लसीच्या चाचणीचा सगळा कारभार ऑफिसातल्या आमच्या ताईंच्या गळ्यात पडला. डॉक्टर सह्या करायचे, बाकी सगळं ताई निस्तरायच्या. लस टोचून घेतलेल्या प्रत्येकाला रोज फोन करायचा, ताप, खोकला, अंगदुखी विचारायची आणि त्याला जे काही होईल ते लिहायचं, लसीशी संबंध असो वा नसो. एकजण शिडीवरून पडला, तेही लिहिलं. एकाने बायको रुसून माहेरी गेल्याचं कळवलं. ताईंनी शांतपणे विचारलं, "लस घेण्याआधी की नंतर?"

या धबडग्यात ताईंचं स्वतःच्या आईला फोन करायचं राहून जायचं. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. तिने कधी तक्रार केली नाही. ती सरळ तिकडच्या हॉस्पिटलात गेली आणि त्यांच्या चाचणीत नाव घालून आली.

ताईंना हे मावशीकडून कळलं. त्यांनी ऑफिसातूनच आईला फोन लावला. दोन्ही हात फायलीत अडकलेले, म्हणून फोन स्पीकरवर.

"अगं, मला विचारायचंस तरी. ताप आहे का?"

"नाही."

"खोकला? अंगदुखी?"

"हे सगळं सकाळीच इथल्या हॉस्पिटलातल्या मुलीला सांगून झालंय," आई म्हणाली. "रोज न चुकता फोन करते बिचारी. तू दुसरं काहीतरी विचार."

 ताईंनी आमच्याकडे बघितलं. आम्ही तिघं समोरच बसलो होतो, पण दुसरं काय विचारायचं, ते आम्हालाही सुचेना.