मोठीमाय आणि खुडूक कोंबडी

नवीन कोंबडी घरी आली की मोठीमाय आधी तिच्या डोक्यावरून सूप फिरवायची. हात उंच करून, सर्रकन! सुपाची सावली अंगावरून गेली की गावठी कोंबडी क्षणात काट्यांच्या कुंपणात गायब. कडकनाथ तर थेट कौलावर. आणि फार्मवरची गिरिराज? ती मान वर करून बघत बसायची, वरून दाणे पडतात का म्हणून. मोठीमाय म्हणायची, “हे त घारीले जेवाले बोलावते.” मग त्या बिचारीला दुपारभर डाल्याखाली झाकून ठेवायची.

मोठीमाय म्हणजे माझ्या बाबांची मोठी वहिनी. मोहर्लीच्या अलीकडे आमचं गाव, तिच्या अंगणाला आमचं अंगण लागून. मी मोबाईलवर कोंबड्यांच्या जाती बघायचे आणि पळत जाऊन तिला सांगायचे की ही बघ, ही किती अंडी देते! अंड्यांचं ती ऐकूनच घ्यायची नाही. भांडते का, घाबरते का, पिल्लांना पंखाखाली घेते का, एवढंच विचारायची.

तिची असील कोंबडी भयंकर भांडकुदळ होती. सगळ्यांना टोचायची, मलासुद्धा. पण मुंगूस आलं तेव्हा बाकीच्या पळाल्या आणि हीच पंख फुगवून पिल्लांपुढे उभी राहिली. तेव्हापासून तिला दाणा वेगळा. कडकनाथ अंडी घालून विसरून जायची, त्यावर गावठी बसायची. मला राग यायचा. मोठीमायला नाही. “तिले बसणं जमत नाई. हिले जमते. झालं ना मंग.”

मोठीमायचे गुडघे गेले तसं दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, तिला वरोऱ्याला न्यायचं ठरवलं. वरच्या मजल्यावरचं घर, कोंबड्या विकायच्या. विकल्या की रश्श्यातच जाणार, हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, मले दे. ती हसली नाही. “तू लय घाईची हायेस. घाईच्या हातानं खुडूक कोंबडी उठते, अन् अंडे थंडे होते.”

गावठी तेव्हा खुडूक होऊन कडकनाथच्या अंड्यांवर बसलेली होती. मोठीमायने दादाला विक्री थोडी थांबवायला लावली आणि मला बजावलं: दाणापाणी ठेव, पण तिला उचलून बघू नको.

मोठीमाय वरोऱ्याला गेली. बंद घराच्या ओट्यावर मी रोज जाऊन बसायचे. हात नुसते शिवशिवायचे! उचललं, बघितलं, ठेवलं, कोणाला कळणार होतं? एका सकाळी कोंबडीच्या पोटाखालून बारीक चिवचिव सुरू झाली आणि नेमका तेव्हाच मोठीमायचा फोन आला.

“किती निघाले वं?”

“मले माहीत नाई. आवाज येऊन राह्यला, पण मी उचललं नाई.”

पलीकडे रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. मग फोन न ठेवताच ती दादाला म्हणाली, “त्या कोंबड्या घेणाऱ्याले नाई म्हणून सांग. पोरगी पाहते त्यायले.”