माझा हर्निया आणि दोन पाहुणे

चहा ओता आधी, मग सांगतो. मधे हसायचं नाही. हसायचंच असेल तर माझं संपल्यावर, आणि तोंड तिकडं करून.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होतो. तापलेल्या लोखंडापुढं उभा राहिलेला माणूस सहसा गडबडत नाही. मी गडबडलो! तेही कॉटवर पडल्या पडल्या, लागोपाठ दोनदा.

सगळ्याचं मूळ तो विमा. मी रिटायर झालो तेव्हा आमच्या पोरानं, सुरेशनं, घरातल्या सगळ्यांचा दवाखान्याचा विमा उतरवला. दर वर्षी हप्ता चढायचा. मी एजंटाला धरला.

"का वाढवतोस रे?"

"आबा, तुमचं वय वाढलं की!"

बघा आता. म्हशीचं वय वाढलं की किंमत उतरते. माझं वाढलं की चढते. आणि ही चढलेली किंमत भरायची कुणी? आम्हीच!

"आजवर एकदाबी दवाखान्यात गेलो न्हाय, त्याचं काय?"

"ती देवाची कृपा."

म्हणजे कृपा देवाची आणि हप्ता कंपनीचा. बरं आहे!

मग एक दिवस शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर उभा होतो. एक हमाल गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, उचलताना नुसता कण्हत होता. मला बघवेना. "सर बाजूला," म्हटलं आणि उचलला. रवा वर गेला. पोटातलं काहीतरी खाली आलं.

हर्निया. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल.

सुरेश म्हणाला, "आबा, घोर करू नका. इतकी वर्षं आपण भरलं, आता कंपनी भरंल."

आणि नाही भरलं तर? तर संगीताच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे मोडायचे. संगीता म्हणजे आमची धाकटी. तिला त्याच आठवड्यात पेठ वडगावचं स्थळ सांगून आलेलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आमची ही कानाशी येऊन म्हणाली, "वडगावकर न सांगता चौकशीला माणूस धाडत्यात म्हणं. दुखणाईत दिसू नका. बाप असा, तर पोरगी कशी म्हणत्यात लोकं."

मी? दुखणाईत? मला हे सांगायला लागतं?

ती डबा आणायला घरी गेली आणि एक माणूस आत आला. पांढरा शर्ट, चाळिशीचा, गोडबोल्या. हात रिकामे. ना नारळ, ना केळी. मी ओळखलं. मुलाकडचा! मुलाकडची माणसंच अशी ऐटीत रिकाम्या हातानं येतात.

आता तुम्ही म्हणाल, नाव का विचारलं नाही? अहो, कोल्हापुरात भेटायला आलेल्या माणसाला 'तुम्ही कोण' विचारणं म्हणजे 'उठा' म्हणण्यासारखं आहे. आधी चहा. मी वॉर्डबॉयला हाक मारली. "एक पेशल आण. मलई घालून!"

पाहुणा टेकला. "कसं वाटतंय आता?"

"मला झालंय काय?"

"ऑपरेशन झालं ना?"

"व्हय. डॉक्टरला हौस, आमच्या पोराला घाई. म्हटलं, करा."

"किती दिवसांपासून होता हा त्रास?"

मी विचार केला. महिन्याचा म्हणावं, तर म्हणतील म्हातारा आता ढासळायला लागला. त्यापेक्षा जुनं बरं. जुनं दुखणं अंगावर मिरवलेला माणूस म्हणजे वाघ!

"ह्यो व्हय? तरणा हुतो तवापासनं हाय. ह्याला संगं घिऊनच लोखंड ओतलं जन्मभर. कुणाला कळूबी दिलं न्हाय."

पाहुण्याचे डोळे चमकले. मला वाटलं, माणूस गार झाला.

"म्हणजे विमा उतरवायच्या आधीपासून?"

"पावणं, इमा आत्ताचा. हर्निया जुना!"

"वा, वा," तो म्हणाला. चहा आला. त्यानं तो बशीत ओतून सावकाश प्यायला. माझाच चहा, लक्षात ठेवा.

"चालता येतं का?"

"चालता? बैठक मारून दावतो!" मी पाय खाली सोडले आणि कॉटचा दांडा धरून एक मारली. अर्धी. तेवढ्यात सिस्टर किंचाळत धावली.

"आजोबा! टाके! टाके तुटतील!"

"तुटूदेत की! परत घालशीला," मी म्हटलं.

पाहुणा उठला, हात जोडले. मी म्हटलं, "पुढच्या येळंला घरीच या. पोरगी बघा."

"कुठली पोरगी?"

"आमची संगीता. बी.कॉम. झालीया."

"बरं, बरं," म्हणाला आणि झपाझप निघाला. किती लाजाळू माणूस, मला वाटलं!

घटकाभरानं सुरेश आला. तोंड उतरलेलं.

"आबा, विम्याच्या हापिसाचा माणूस यिऊन गेला का? खाली भेटला. लई खूश हुता."

"खूश? कशापायी?"

"म्हणाला, तुमच्या वडिलांनी फार सहकार्य केलं."

कॉट फिरायला लागली. विमा काढायच्या आधीचं दुखणं असेल तर कंपनी दमडी देत नाही, हे मला तेव्हा कळलं. एजंटानं हप्ता घेताना कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी आणि विचारणार?

"आबा, मी हातापाया पडून आलोय," सुरेश म्हणाला. "उद्या त्यांचा साहेब येईल. उद्या तरी कण्हा. आणि दुखणं गेल्या महिन्यातलं सांगा. खरं हाय तेच सांगा की!"

दुसऱ्या दिवशी आला. सफारी, काखेत बॅग, केस पिकलेले. साहेबच! मी दारापासूनच कण्हायला सुरुवात केली. तो घाबरून खुर्ची ओढून जवळ बसला. "लई तरास हाय का?"

"लई. साहेब, हर्निया नवा हाय. इमा उतरवल्यावरचा, गेल्या म्हैन्यातला."

"अरारा!"

एवढ्यावर थांबायचं की नाही? पण कालचं भरून काढायचं होतं. "शुगर हाय. बीपी हाय. गुडघं गेलं. दम लागतोय. नजर न्हाय."

"हे कधीपासनं?"

"सगळं गेल्या म्हैन्यातलंच!"

त्यानं माझा हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी. विम्याच्या साहेबाच्या डोळ्यांत पाणी! मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण आता माझं कण्हणं रंगात आलं होतं.

तेवढ्यात आमची ही डबा घेऊन आली आणि दारातच पदर सावरला. "अगंबाई! वडगावचं पावणं! मुलाचं वडील न्हवं तुम्ही? फोटूत बघितलंय. कवा आलासा?"

मी डोळे मिटून घेतले. मरणाचं नाटक करत होतो, आता खरंच आलं तर बरं, असं वाटलं.

वडगावकर उठले. म्हणाले, "वैनी, बारा स्थळं बघितली. मुलीचा बाप साधा खोकला आला तरी लपवतो. ह्या माणसानं न विचारता सगळं सांगितलं. असल्या खऱ्या माणसाचीच पोरगी करायची. ठरलं! आणि एक सांगा, एवढं सगळं असून ह्यांचा इमा कुणी उतरवला? निस्ती शुगर हाय म्हणून एजंटानं मला दारातनं माघारी लावलंय."

विम्याचा साहेब आलाच नाही. क्लेम नामंजूर. कारण, जुनं दुखणं. पुढच्या वर्षी हप्ता वाढला. कारण, माझी तब्येत. पैसे देताना मी त्यांना वाघ दिसतो आणि घेताना मढं.

लग्न साधं केलं, पण झालं. व्याही सोन्यासारखा मिळाला. इतका सोन्यासारखा की माझं पथ्य त्याला पाठ आहे. वडगावात जेवायला बसलं की सगळ्यांच्या वाट्यांत तांबडा-पांढरा रस्सा. माझ्या पाठीशी मात्र व्याही स्वतः उभा. "आमच्या व्याह्यांना रस्सा नगं! त्यांना दुधी आणा. बिनमिठाचा!"

खरं सांगावं, तर खरा माणूस म्हणून मिळालेला मान जातो. आमची ही समोर पदर तोंडात कोंबून बसते. मी मान खाली घालून दुधी गिळतो.

परवा सुरेश म्हणाला, "आबा, हप्ता परत चढलाय. इमा बंद करू काय?"

म्हटलं, "चालू ठेव. असला दुधी खाऊन माणूस कवातरी खरंच आजारी पडणार."