मोटेखालचा हंसराज

नेचे बघायला लोक सह्याद्रीत जातात. मी सोलापुरात राहिले, आणि ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं. पुण्याच्या कॉलेजातले आमचे प्रोफेसर माझा विषय ऐकून हसले होते. "सोलापुरात नेचे? तिथे बाभळीला सुद्धा धड पानं नसतात." वर्गातली मुलं घाटात तंबू ठोकून राहणार होती. मला तिकडे पाठवायला वडील तयार नव्हते आणि त्यांची मनधरणी करत बसायला मला वेळ नव्हता. आमच्याकडे जंगल नसेल, पण विहिरींना काय तोटा? नेच्याला सावली आणि ओल मिळाली की झालं. ती जमिनीच्या वर आहे का खाली, याची तो चौकशी करत नाही. एम.एस्सी.चा प्रबंध करीन तर विहिरींवर, असं मी प्रोफेसरांना ठणकावून सांगून आले. माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सर्वांना माहीत होतं. आता पुण्यालाही कळलं.

उन्हाळ्यात विहिरींचं पाणी खाली गेलं की भिंती उघड्या पडत. दक्षिणेकडच्या भिंतीला ऊन लागत नाही, तिथे मी आधी बघे. पण खरी गर्दी असे ती मोट रिकामी होते त्या थारोळ्याखाली. मोटेचं सांडलेलं पाणी दगडांच्या फटींतून झिरपत राही आणि त्या ओलीवर हंसराज नावाचा नेचा लोंबत असे, काळ्या केसासारख्या देठांचा, हिरवागार. दगडादगडाला आणखी दोन-तीन जातींचे नेचे. बघता बघता माझं मत पक्कं झालं: आमच्याकडे नेचा पावसावर जगत नाही, मोटेवर जगतो. मोट थांबली की तो गेलाच.

प्रोफेसरांना मी हे कळवलं. ते म्हणाले, चालू विहिरी हव्या तेवढ्या दाखव, एखादी बंद विहीर बघितल्याशिवाय यातलं काहीच सिद्ध होत नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं म्हणून मला जास्त राग आला. सोलापुरात पाणी असलेली विहीर कोण बंद ठेवतो?

असंच एकदा अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका मळ्यातल्या विहिरीत मी उतरले होते. शेवाळलेल्या पायऱ्यांवर चपला घसरतात, म्हणून त्या काढून काठावर नीट जोडून ठेवल्या होत्या. मी थारोळ्याखालच्या दगडावर बसून हंसराज सोडवत होते. वर एक बाई किंचाळली, धावपळ ऐकू आली, आणि मी मान वर करेपर्यंत एक धिप्पाड गडी धोतरासकट माझ्या समोर पाण्यात पडला. त्याने दोनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा मी त्याला विचारलं, "काय शोधताय?" तो कानडीत जे बोलला ते मला समजलं नाही. बरंच झालं.

एकटी तरुण पोर, विहीर आणि काठावर काढून ठेवलेल्या चपला. त्या मुलखात याचा अर्थ एकच होतो. ओरडली होती ती मळेवाल्याची बायको, चाळिशीची, उंच, हाडापेराने मजबूत. मी पानं दाखवली, कॉलेजचं नाव सांगितलं, तिने ऐकून घेतलं आणि माझं मनगट काही सोडलं नाही. बैलगाडी जुंपून तिने मला सोलापुरात घरी आणून वडिलांच्या हवाली केलं.

वडील शाळामास्तर. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पुरे झालं आता. उद्या गावभर होईल. प्रबंध राहू दे." ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे बोलले आणि मला रडूच आलं. घाट नाही, आता विहिरीही नाहीत. म्हणजे माझं शिक्षण तिथेच संपत होतं.

तेव्हा ती बाई दारातून म्हणाली, "मास्तर, पोरगी खोटं बोलत न्हाय. पिशवीत नुसता पाला हाय. पर एकलीला सोडू नका. म्या जाते की संगं."

"तुम्ही कशाला तसदी घेता?"

"माझ्या धाकल्या भनीचं पायतान असंच काठावर हुतं. बघाया कुणी न्हवतं." मग साध्या आवाजात म्हणाली, "दोघी बाया दिसल्या की लोक पळत येत न्हाईत."

वडिलांनी तिला आत बोलावून चहा दिला. परवानगीचा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण पुन्हा नाहीही म्हणाले नाहीत.

मी तिला मावशी म्हणू लागले, आणि त्या उन्हाळ्यात मावशीने मला कितीतरी विहिरी दाखवल्या. मी खाली असेपर्यंत ती काठावर बसे, माझ्या चपला मांडीवर घेऊन. मी चिडवलं, "मावशी, खाली ठेवा की, पळून जातात का त्या?"

"न्हाय," ती म्हणाली, "तितंच ऱ्हातात."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. बंद विहिरीची माझी अडचण मात्र तिच्यापुढे रोज उगाळत होते. ती ऐकून घेई. सुट्टी संपत आली तेव्हा एका सकाळी तिने गाडी निराळ्याच वाटेला वळवली. बहिणीच्या सासरी. ती गेल्यापासून त्या विहिरीवर कुणी मोट धरली नव्हती. पाणी तसंच पडून होतं आणि मागचं रान करपलं होतं.

मी उतरले. थारोळ्याखालचे दगड कोरडे ठणठणीत. हंसराजाची वाळकी मुळं फटींत चिकटलेली, पान एकही नाही. माझं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं होतं. आनंदाने मी जवळजवळ धावतच वर आले आणि मावशीचा चेहरा दिसला. मला फार वाईट वाटलं.

"हितं बी हुता काय तो पाला?" तिने विचारलं.

"होता. मुळं आहेत अजून."

"मोट सुरू केली तर परत येतोय का?"

नेच्याचं बी म्हणजे पानामागची धूळ. ती वाऱ्याने कुठल्या कुठे जाते आणि ओल मिळेल तिथे रुजते. या गोष्टीची मला खात्री होती. "येईल," मी म्हणाले.

ती उठली आणि सरळ घराकडे गेली. बहिणीचा नवरा ओसरीवर बसला होता.

"पाव्हणं, मोट जोडा."

"आक्का, त्या हिरीवर कुणी जात न्हाय, ठावं हाय की तुमाला."

मावशीने माझ्याकडे हात केला. "ही गेली हुती. पार खालपतुर गेली. वर आली की."

त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग उठून बैल सोडायला गोठ्याकडे गेला.