आई मराठीतून ओरडत होती

माझी पहिली प्रोफेशनल बॉक्सिंग लढत आमच्या जबलपूरलाच झाली, पाटन रोडवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये. लग्नांचा सीझन नुकताच संपला होता म्हणून लॉन मिळालं. मधोमध रिंग उभारली होती आणि एरवी जिथे नवरा-नवरी बसतात त्या लाल मखमली खुर्च्यांवर पाहुणे मंडळी बसली होती. कमानीवरची थर्माकोलची दोन हृदयं काढायची राहून गेली होती. त्यांच्याखालून मी ग्लोव्हज घालून चालत आले आणि मला असं हसू फुटलं, की आमच्या कोच सरांनी मागून पाठीत ढोसलं. "सीरियस हो जा, सीरियस!"

पण सीरियस कुठून होणार? सकाळी राइट टाउनच्या शाळेत मुलांना पी.टी. शिकवायची, संध्याकाळी प्रॅक्टिस करायची, असं करत मी कॉलेजच्या, मग राज्याच्या स्पर्धा खेळले होते. मेडलं आली, कपाटात गेली. "आता पुरे झालं," असं सगळे नातेवाईक म्हणायला लागले, नेमकं तेव्हाच मी प्रोफेशनल व्हायचं ठरवलं. आता नाव पुकारणारा माणूस होता, दिवे होते, माझ्या मापाची चमकदार निळी चड्डी होती.

समोरची मुलगी भोपाळहून आलेली, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. आदल्या दिवशी वजन करताना ती माझ्याशी हिंदीतच दोन शब्द बोलली होती. त्यापलीकडे मला तिची काही माहिती नव्हती.

घंटा झाली आणि तिने पहिलाच जॅब माझ्या नाकावर दिला. मी मागे सरकले. तेवढ्यात गर्दीतून स्पष्ट आवाज आला, "अगं, काहून मागं जाऊन राहिली? समोर जा!"

आई! आई माझ्या प्रत्येक लढतीला यायची. घरी आल्यावर दरवेळी म्हणायची, "मी सगळं सांगत होते, तू ऐकतच नाहीस." पण तेव्हा डोक्याला हेडगार्ड असायचं, कान झाकलेले, बाहेरचं सगळं नुसतं घों घों ऐकू यायचं. प्रोफेशनल लढतीत हेडगार्ड नसतं. इतक्या वर्षांत आई काय ओरडते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"जॅब मारताना तिचा उजवा हात खाली येतो, बघ!"

मी बघितलं. खरंच येत होता. पुढचा जॅब आला, तशी मी डावा हुक फिरवला आणि तो बरोबर तिच्या गालावर बसला. मला तर पंखच फुटले! सगळं लॉन हिंदीत ओरडत होतं आणि आमच्या दोघींची जणू स्वतःची टेलिफोन लाइन चालू होती. राउंड संपल्यावर मी सरांना सांगितलं, "मम्मी बता रही हैं सब."

"तो मम्मी को ही कोच बना ले," सर माझ्या तोंडात पाणी ओतत म्हणाले.

दुसऱ्या राउंडला मात्र गंमतच झाली. आई ओरडली, "पोटात मार!" मी वाकले, तर त्या मुलीचं कोपर तिथे आधीच हजर. आई ओरडली, "डावीकडून!" तर तिचा हात आधीच गालावर. मला वाटलं, काय चपळ पोरगी आहे! मग आम्ही एकमेकींना धरून रेलून उभ्या राहिलो, तेव्हा माउथगार्डमधून बोबडा आवाज माझ्या कानात आला, "काकू किती जोरात ओरडून राहिल्या गं!"

मी फिस्सकन हसले. माउथगार्ड पडता पडता वाचलं. तीही हसत होती, तिचे खांदे गदगदत होते. रेफरीने आम्हाला सोडवलं आणि डोळे वटारले, "क्या चल रहा है, भई?" मी अजून हसतच होते, तेवढ्यात तिने माझ्या डोळ्यावर एक सणसणीत ठेवून दिली.

राउंड संपून कॉर्नरला येताच मी दोराआडून हाक मारली, "आई, तिला मराठी येतं!" आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

तिसरा राउंड आई गप्प बसली आणि मी भरपूर मार खाल्ला. चौथा शेवटचा. आईला काही राहवेना. सूचना तर देता येत नव्हत्या, म्हणून ती नुसतीच ओरडायला लागली, "मार! मार ना बाई!" मग बहुतेक तिला वाटलं हा पक्षपात झाला. "दोघी मस्त खेळून राहिल्या गं!" असंही ओरडली. मला आतून उकळ्या फुटत होत्या. पाय हलके झाले. त्या मुलीचा उजवा हात पुन्हा खाली आला, तो मी माझा मीच पाहिला, आणि हुक बसला. लगेच दुसराही बसला.

दोन जजेसनी निकाल मला दिला, एकाने तिला. माझा हात वर गेला!

आई रिंगपाशी धावत आली ती आधी त्या मुलीकडेच. तिचा चेहरा हातात धरून म्हणाली, "मराठी येते, हे आधी सांगायचं ना!"

"माझी आई अमरावतीची आहे, काकू. आधी सांगितलं असतं, तर तुम्ही ओरडल्या नसत्या."

आई इतकी हसली, की तिला दोर धरून उभं राहावं लागलं.

तेवढ्यात लॉनच्या डीजेवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने वरातीचं गाणं लावलं. सर नाचायला लागले. सुजलेले डोळे घेऊन आम्ही दोघीही नाचलो. फॅक्टरीतून रिटायर झालेले माझे बाबा लढत कधीच बघत नाहीत, बाहेर पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात. गाणं ऐकून ते आत आले आणि गोंधळून विचारायला लागले, "जिंकली का हरली?"

कोणाला काही ऐकू येत नव्हतं. आईने त्यांचा हात धरला आणि त्यांना सरळ नाचणाऱ्यांच्या गर्दीत ओढलं.