भिजत घातलेला रस्ता

भंगारसाहेब चालताना समोर कधी बघत नसत. नजर पायांखाली. मध्येच वाकून दगडाचा एखादा तुकडा उचलायचे, दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकायचे आणि पसंत पडला तर पँटच्या खिशात टाकायचे. त्यामुळे त्यांचे खिसे कायम लोंबलेले असत. ते रस्त्याच्या ठेकेदाराकडे ओव्हरसियर होते. भोसरीच्या अलीकडे, सखल काळ्या मातीवर आमची कामगारांची वस्ती होती. तिचा रस्ता बांधायला ते आले आणि महिन्याभरात हे नाव त्यांना चिकटलं. त्यांना ते ठाऊकही होतं. म्हणायचे, "भंगार म्हणजे ज्याचं काम अजून ठरलेलं नाही असा माल."

खाणीची नवी खडी ते नाइलाज झाला तरच घेत. चाकणकडच्या टेकड्या तेव्हा सुरुंगांनी फुटत होत्या आणि त्याला सगळे प्रगती म्हणत होते. आमचा जुना रस्ता उखडला तेव्हा निघालेला दगड माणसं फेकून द्यायला ट्रकमध्ये भरू लागली. साहेबांनी त्यांना थांबवलं. "डोंगराने एकदा दिलाय हा. दुसऱ्यांदा मागायला तोंड लागतं." तो दगड चाळून पुन्हा तळाला घातला. वरच्या थराला त्यांनी भट्टीची मळी निवडली. पोलाद वितळवताना निघणारी ही मळी थंड झाली की दगडासारखी टणक होते. एका कारखान्यामागे तिचा जुना ढीग होता, वर्षानुवर्षं पावसात पडून राहिलेला.

माझ्या घरात पत्रकं लिहिणं आणि वाटणं हाच धर्म होता. मी लगेच पत्रक काढलं: 'बंगल्यांना खडी, कामगारांना कचरा!' साहेबांनी ते चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "मथळा जोरदार आहे, राव. फक्त बंगल्यांचा रस्ता एकदा बघून या. गेल्या साली तिथेही मी हाच कचरा घातलाय." मी जाऊन पाहिलं. खरं होतं. त्यानंतर मी रोज त्यांच्याशी भांडायला जाऊ लागलो, आणि ते रोज चहा सांगू लागले.

उन्हाळा सरत आला तेव्हा जुना ढीग संपला आणि रस्ता वस्तीच्या तोंडाशी अडला. उरला तो सगळ्यात वाईट तुकडा, ओढ्याकडचा. कारखान्याला ताजी मळी कुठेतरी टाकायचीच होती. ठेकेदाराने ती फुकटात आणवली. एका सकाळी ट्रक ओळीने येऊन उभे राहिले आणि साहेब पहिल्या ट्रकच्या आडवे गेले.

ताज्या मळीत कच्चा चुना असतो. पाणी लागलं की तो फुगतो आणि रस्ता आतून फोडतो. एक पावसाळा उघड्यावर खाल्ला की मळी शांत होते. साहेबांनी हे आम्हाला करून दाखवलं होतं. ठेकेदाराच्या गोदामाच्या दारात ताज्या मळीचा एक चौकोन दाबून ते त्यावर रोज पाणी मारून घेत. चौकोनाला तडे जाऊ लागले होते. पण त्या सकाळी तिकडे बघायला कोण तयार होतं? मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली एक बाई दवाखान्याच्या वाटेवर, चिखलात रुतलेल्या बैलगाडीतच बाळंत होताना गेली होती.

गर्दीतून साळूमामी पुढे आली. "साहेब, माझी सून श्रावणात मोकळी व्हायची. रस्ता कवा मोकळा व्हायचा?"

"या पावसात नाही, मामी."

"अवो, माल समोर उभा हाय की!"

"कच्चा आहे. फुटेल."

"फुटू द्या! एक पावसाळा तरी गाडी यील."

"याच पावसात फुटेल. मग पुन्हा रस्ता मागायला गेलात, तर 'दिला होता की' म्हणतील तुम्हाला."

ठेकेदार भडकला. "अहो, भंगाराचा रस्ता हे वेड तुमचंच ना? आता भंगार दारात आलं, तर सोवळं कसलं?"

"टाकणं वेगळं, वापरणं वेगळं. तुम्ही टाकताय."

"बाजूला व्हा."

साहेब खाली बसले, ट्रकच्या पुढच्या चाकापाशी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नाही. मामीच्या मुठीत दगड होता. तो ती ट्रकवर फेकणार की साहेबांवर, मला कळत नव्हतं, आणि बहुधा तिलाही. शेवटी ड्रायव्हरनेच चावी फिरवली आणि खाली उतरून बिडी पेटवली.

"ओढ्यापासून लांब, वरच्या माळावर ओता," साहेब उठत म्हणाले. माल तिथे ओतला गेला. ठेकेदाराने साहेबांना तिथल्या तिथे कामावरून काढलं.

आषाढात तो चौकोन इतका फुगला की गोदामाचं दार उघडेना. सगळी वस्ती बघून आली. मामीही. पण म्हणून काही चिखल आटला नाही. श्रावणात आम्ही चौघांनी तिच्या सुनेला खाटेवरून नेलं. खाट कलायची, सून ओरडायची, आणि मामी मागून पावलागणिक भंगारसाहेबांना शिव्या घालायची. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सुनेचे डोळे फिरले होते. वाचली.

दिवाळीनंतर दुसऱ्या ओव्हरसियरने माळावरची मळी घालून तो तुकडा पुरा केला. त्यावरून बस आली. साहेब तोवर परजिल्ह्यात गेले होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, भाद्रपदात, त्यांच्या सांगवीच्या खोलीवर. मामीने मला हुकूमच केला होता, "चल माझ्यासंगं. त्या माणसाला तोंडावर बोलायचंय."

सामान बांधून ठेवलेलं होतं. मामी बसली नाही.

"तुमच्यापायी माझी सून खाटंवर गेली. मेली असती."

"हो," साहेब म्हणाले. "माझ्यामुळेच."

मी आजवर लिहिलेल्या कुठल्याही पत्रकात हे वाक्य नाही. आमच्या पत्रकांत गुन्हेगार कायम दुसरा असतो.

"आता कशी आहे?"

"बरी हाय. पोरगी झाली."

साहेबांनी सामानाच्या दोरीची गाठ आवळली. मग, विचारावं की नाही अशा आवाजात म्हणाले, "मामी, माळावरचा ढीग भिजतोय ना?"

"भिजतोय," मामी म्हणाली. "ठेकेदाराची माणसं आलती कच्चाच उचलायला. हात लावू दिला न्हाई मी."