संगीताला मी ‘ये’ म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

संगीता लोहगडवाडीची, मी लोणावळ्याची. शनिवार-रविवारी आम्ही दोघी एकाच ट्रेकिंग ग्रुपसाठी पर्यटकांना गडावर न्यायचो. मी गिर्यारोहणाचे कोर्स केलेले, महागातले बूट घेतलेले. ती साध्या चपलांवर पुढे निघायची आणि सगळे तिच्याच मागे जायचे. खाली आल्यावर फोटो कुणाबरोबर? तिच्याबरोबर. मी हसायचे. पण आत जळायचं — थोडं थोडं, दर आठवड्याला.

एकदा थंडी सरता सरता ग्रुपच्या सरांनी आम्हा दोघींना हिमाचलला नेलं. डोंगर लहानच, पण बर्फानं भरलेला. तिकडच्या ट्रेकसाठी ते आमच्यातली एकच गाइड म्हणून कायमची घेणार होते. संगीतानं बर्फ आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यावरून अशी चालायला लागली, जणू खाचराच्या बांधावरून चाललीय.

“हिला शिकवायला उरलंय काय?” सर म्हणाले. मी शेजारीच उभी होते.

उतरताना मी पुढे होते. एका वळणावर भुसभुशीत बर्फाखाली पाणी गोठलेलं — काचेसारखं. माझा पाय सटकला. काठी रोवली म्हणून वाचले. संगीता वळणाच्या वर होती, तिला काही दिसलं नाही.

“अगं, तितं घट्ट हाय का?” तिनं विचारलं.

‘थांब’ म्हणायला काय लागतं? वाटलं, पडेल जराशी, सरांसमोर हसं होईल — एवढंच. एवढंच वाटलं होतं का? आज छातीठोक सांगता येत नाही.

“हो, ये,” मी म्हणाले.

ती घसरत गेली ती थेट खडकांवर आदळली. गुडघा गेला. सर धावत आले. “तू सांगितलं नाहीस हिला?”

“सांगितलं की! जपून ये म्हणाले.”

संगीता पडलेलीच होती, ओठ पांढरेफटक. तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “व्हय सर. मलाच नीट ऐकू आलं न्हाई.”

तिला खरंच तसं वाटलं — की मला वाचवलं तिनं? मी कधी विचारलं नाही.

हिमाचलची जागा मला मिळाली. ती आता गडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरीचा स्टॉल चालवते, पाय ओढत. गड चढणं सुटलं ते सुटलंच. इकडे असताना मी गडावर ग्रुप घेऊन गेले की पहिला चहा माझ्या हातात देते. परवा पुण्याच्या काही मुलींना सांगत होती, “हिच्यासंगं बिनघोर जावा. लय जीव लावती.”

मुली तिच्याभोवती बसून राहिल्या, तिच्या गप्पांना हसत. उठेचनात. मी पलीकडे बूट बांधून ताटकळत उभी. आणि खरं सांगते — त्या क्षणी मला लाज नंतर वाटली. आधी हेवा वाटला.